परदेशी बाजारात उतरण्यापूर्वी मालकी आणि कारभार यांची घडी कशी बसवावी

लहान कंपनीने परदेशात माल किंवा सेवा विकायचे ठरवले की चर्चा बहुधा देश, प्रदर्शन आणि वितरक यांच्यापासून सुरू होते. खरे तर आधी विचारायचा प्रश्न घरातला आहे: पैसे लावण्याचा, वाट पाहण्याचा आणि वेळ आल्यास हात आखडता घेण्याचा अधिकार या कंपनीत नेमका कोणाकडे आहे, आणि निर्णय चुकला तर तोटा कोणाच्या खिशातून जाणार आहे? अधिकाराचा प्रश्न कारभाराचा आहे, तोट्याचा मालकीचा. मोठ्या कंपनीत भागधारक एकीकडे, व्यवस्थापक दुसरीकडे आणि मध्ये संचालक मंडळ अशी रचना असते. लहान कंपनीत मात्र पुष्कळदा एकच व्यक्ती भागधारक, संचालक, व्यवस्थापक आणि बँकेची जामीनदारही असते. त्यामुळे निर्णय झटपट होतात हे खरे. पण परदेशातल्या धंद्यात खर्च आधी होतो, वसुली फार उशिरा येते, आणि मधल्या काळात हाती असलेली माहिती अपुरी व एकाच माणसामार्फत आलेली असते. अशा वेळी त्या एका व्यक्तीला प्रश्न विचारणारे कोणी नसणे हीच मोठी जोखीम ठरते.

पुढील मार्गदर्शन वीस ते दोनशे माणसांच्या कंपनीला समोर ठेवून लिहिले आहे. देशोदेशीचे कायदे वेगळे असल्याने करारांची भाषा स्थानिक वकिलाकडूनच करून घ्यावी. पण त्या वकिलाला काय सांगायचे, हे ठरवण्याचे काम मालकांचेच आहे.

मालकीचा तक्ता, आणि त्यातला न बोलला जाणारा रकाना

सुरुवात एका कागदापासून करावी. प्रत्येक भागधारकाचे नाव, त्याचा हिस्सा आणि मताधिकार हे तर लिहावेतच, पण त्यापुढे आणखी चार गोष्टी नोंदवाव्यात: तो कंपनीत पगार घेतो का, त्याचा घरखर्च लाभांशावर चालतो का, येत्या काही वर्षांत त्याला आपला हिस्सा विकायचा आहे का, आणि कंपनीच्या कर्जासाठी त्याने वैयक्तिक हमी किंवा राहते घर तारण दिले आहे का. शेवटचा रकाना भरताना सहसा शांतता पसरते, आणि म्हणूनच तो सर्वांत उपयोगी आहे. कागदोपत्री ज्याचा हिस्सा तीस टक्के आहे पण हमी पूर्ण कर्जाची आहे, तो माणूस परदेशी विस्ताराच्या प्रस्तावाला ‘अजून थोडे थांबू’ असे म्हणत असेल, तर तो भित्रा नाही. त्याच्या दृष्टीने हिशेब अगदी बरोबर आहे.

ज्याची सगळी मालमत्ता एकाच कंपनीत अडकली आहे, तो स्वतःच्या जोखमीची वाटणी करू शकत नाही. दहा कंपन्यांत पैसे गुंतवणारा मात्र एकीचा तोटा दुसरीतून भरून काढू शकतो. स्वीडनमधील लघु-मध्यम उद्योगांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही हेच दिसले: कंपनी चालवणाऱ्यांच्या हातात भाग एकवटले की परदेशी विस्ताराबाबत जोखीम टाळण्याकडे कल जातो आणि बाहेरचे मालक आले की तो बदलतो. या माहितीचा वापर कोणाला दोष देण्यासाठी करू नये, रचना बदलण्यासाठी करावा. परदेशी ऑर्डरसाठी लागणारे खेळते भांडवल वेगळ्या कर्जमर्यादेत घेणे, त्या मर्यादेपुरती हमी हिश्श्याच्या प्रमाणात वाटणे, येण्यांचा, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या रकमेचा, निर्यात-पतविमा उतरवणे, किंवा हमी देणाऱ्याला त्याबद्दल ठरावीक मोबदला देणे, असे मार्ग उपलब्ध असतात. एवढे केले तरी विरोध निम्म्याने ओसरतो, असे माझे मत आहे.

हा तक्ता बाहेरच्यांसाठीही लागतो. परदेशात बँक खाते उघडताना अंतिम लाभार्थी मालक, म्हणजे कंपनीमागची खरी मालक व्यक्ती, कोण, हे विचारले जाते आणि अनेक ठिकाणी त्यासाठी २५ टक्के हिश्श्याची रेषा धरली जाते. नातेवाइकांच्या नावावर वर्षानुवर्षे पडून राहिलेले भाग, मृत भागधारकाचे न बदललेले नाव, तोंडी झालेली वाटणी, हे सगळे तेव्हाच वर येते आणि खाते उघडण्यात महिने जातात. शिवाय कंपनी ‘लहान’ आहे की नाही, हेदेखील मालकीवर ठरू शकते. युरोपीय संघाच्या २००३ सालच्या व्याख्येप्रमाणे २५० पेक्षा कमी कर्मचारी, आणि वार्षिक उलाढाल ५ कोटी युरोपर्यंत किंवा ताळेबंद ४.३ कोटी युरोपर्यंत, असा उद्योग लघु-मध्यम गणला जातो. मात्र दुसऱ्या कंपनीकडे २५ ते ५० टक्के हिस्सा असेल तर तिचे आकडे त्या प्रमाणात मिळवावे लागतात, आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण मिळवावे लागतात. साहसवित्त (व्हेंचर कॅपिटल) कंपन्यांसारख्या काही गुंतवणूकदारांना यात सवलत आहे. म्हणून मोठा भागीदार घेण्याआधी, त्याच्यामुळे लहान उद्योगांसाठीच्या सवलती हातच्या जाणार नाहीत ना, हे तपासून घ्यावे.

मालक कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर वेग ठरतो

कुटुंबाच्या मालकीच्या कंपन्यांबद्दल दोन परस्परविरोधी समजुती आहेत. एक म्हणजे त्या बाहेर पडायला घाबरतात, दुसरी म्हणजे त्यांच्याइतका धीर कोणाकडे नसतो. दोन्हींत तथ्य आहे, आणि संशोधनाचे निष्कर्षही एका दिशेने जात नाहीत. दक्षिण स्पेनमधील ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांवरचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे बोलका आहे. सहकारी संस्थेत सामील झाल्यास घाण्याची आर्थिक जोखीम कमी होणार होती. तरीही कुटुंबांच्या घाण्यांनी धंदा बुडण्याची अधिक शक्यता पत्करली, पण नियंत्रण सोडले नाही. थोडक्यात, कुटुंब जोखीम घेते. ते घाबरते ते सूत्रे हातातून जाण्याला. त्यामुळे कुटुंबापुढे परदेशी विस्ताराचा प्रस्ताव ठेवताना नफ्याच्या आकड्यांइतकेच स्पष्टपणे सांगावे की कोणता हिस्सा विकावा लागणार नाही, कोणाचे पद जाणार नाही, आणि परदेशातील जबाबदारी बाहेरच्या व्यावसायिकाकडे दिल्यास त्याला कोणत्या मर्यादेपर्यंत सही करता येईल. परदेशी शाखा धाकट्या पिढीला ‘काहीतरी काम’ म्हणून देण्याचा मोह मात्र आवरावा. दूरच्या बाजारात चूक उशिरा कळते, आणि घरच्या माणसाची चूक त्याहून उशिरा मान्य केली जाते.

गुंतवणूक निधीची गोष्ट वेगळी. अशा निधीचे आयुष्य बहुधा दहा वर्षांचे असते. पहिल्या काही वर्षांत पैसे लावायचे आणि पुढे हिस्सा विकून बाहेर पडायचे, हे त्याच्या रचनेतच आहे. त्यामुळे तो पैसा, ओळखी आणि शिस्त आणतो, पण घड्याळही सोबत आणतो. निधीचे कितवे वर्ष चालू आहे, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. सातव्या वर्षातला गुंतवणूकदार एकाच वर्षात तीन देशांत कार्यालये उघडा असे सांगू शकतो, कारण विक्रीच्या वेळी नकाशावरचे तीन ठिपके किंमत वाढवतात. उघडल्यानंतर चौथ्या वर्षी ती कार्यालये सांभाळण्याचा भार त्याच्यावर नसतो. यावर उपाय म्हणजे पैसे टप्प्याटप्प्याने घेणे आणि दुसऱ्या देशाचा टप्पा पहिल्या देशातील प्रत्यक्ष वसुलीशी बांधणे. नोंदवलेल्या ऑर्डरींशी बांधू नये. ऑर्डर आणि पैसे यांत बरेच अंतर असते.

तिसरा प्रकार म्हणजे दुसरी मोठी कंपनी भागधारक असणे. स्पेनमधील लघु-मध्यम उद्योगांच्या २००६ सालच्या एका अभ्यासात कौटुंबिक मालकीचा परदेशी विस्ताराशी उलटा, तर अशा कंपनी-भागधारकाचा सुलटा संबंध आढळला होता. कारण समजण्याजोगे आहे: मोठ्या भागीदाराकडे वितरणाचे जाळे आणि बाजाराची माहिती तयार असते. पण त्याचे स्वतःचे प्रदेशही असतात. भागधारक करारात ‘या देशांत विक्री करणार नाही’ असे कलम हळूच येऊन बसते आणि पाच वर्षांनी तोच बाजार सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ते कलम स्वीकारलेच, तर त्याला मुदत आणि किमान विक्रीची अट घालावी.

निर्णय कोण घेणार, हे आधीच लिहून ठेवणे

भागधारक करारात किंवा संचालक मंडळाच्या ठरावात राखीव विषयांची यादी असावी. परदेशात उपकंपनी स्थापणे, कोणत्याही देशासाठी एकमेव वितरक नेमणे, उपकंपनीसाठी मूळ कंपनीने हमी देणे, परकीय चलनात कर्ज घेणे, आणि पेटंट, ट्रेडमार्क वा सॉफ्टवेअरचे हक्क कोणालाही हस्तांतरित करणे, हे विषय त्यात हवेतच. ही कामे व्यवस्थापकाने एकट्याने करू नयेत, आणि बहुमताच्या मालकानेही मंडळापुढे न आणता करू नयेत. यादी फार लांबवू नये मात्र. प्रत्येक निविदेसाठी सगळ्यांच्या सह्या लागू लागल्या, तर लहान कंपनीचा एकमेव फायदा, म्हणजे चपळपणा, तोही जातो. किती रकमेपर्यंत कोण सही करील याचे दोन किंवा तीन टप्पे पुरेसे होतात.

संचालक मंडळात घराबाहेरचा एक तरी माणूस असावा, आणि तो ज्या बाजारात जायचे आहे तिथे स्वतः धंदा केलेला असावा. निवड करताना त्याने कोणत्या देशातून माघार घेतली आणि का, हे विचारावे. ज्याला सांगण्यासारखी एकही माघार नाही, त्याचा अनुभव बहुधा दुरूनच आलेला असतो. औपचारिक संचालकपद देणे जड वाटत असेल तर दोन-तीन जणांची सल्लागार समिती नेमता येते. तिच्याकडे मतदानाचा अधिकार नसतो, पण तिला कागद आधी पाठवण्याचे आणि तिचे मत इतिवृत्तात नोंदवण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. एक सावधगिरी येथे सांगायला हवी. ज्याच्या सूचनेप्रमाणे संचालक नेहमी वागतात अशी व्यक्ती काही देशांत कायद्याने संचालकासारखीच जबाबदार ठरू शकते. ब्रिटनच्या २००६ सालच्या कंपनी कायद्यात तिला ‘छाया संचालक’ म्हटले आहे, मात्र केवळ व्यावसायिक सल्ला दिल्याने कोणी छाया संचालक होत नाही. निवृत्त संस्थापक पडद्यामागून सूत्रे हलवत असतील, तर त्यांनाही हे कलम दाखवावे.

मंडळापुढे येणारा प्रस्ताव दोन पानांत बसवावा. त्यात आपल्याला काय माहीत आहे आणि आपण काय गृहीत धरले आहे, हे वेगवेगळे लिहावे. जास्तीत जास्त किती रक्कम बुडाली तरी मूळ धंदा चालेल, तो आकडा द्यावा. आणि व्यवस्थापनाचा किती वेळ जाणार, तेही लिहावे. हा शेवटचा आकडा कोणी लिहीत नाही, पण लहान कंपनीत पैशापेक्षा मालकाचा वेळ आधी संपतो, आणि परदेशी ग्राहकामागे धावताना जुना ग्राहक निसटल्याचे वर्षअखेरीस कळते.

बाजारात शिरण्याची प्रत्येक पायरी, प्रत्येक वेळी नवा ठराव

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी १९७० च्या दशकात तिथल्या कंपन्यांचा अभ्यास करून विस्ताराच्या पायऱ्या मांडल्या: आधी नियमित निर्यात नाही, मग एजंटमार्फत निर्यात, मग स्वतःची विक्री उपकंपनी, आणि अखेर परदेशात उत्पादन. अनुभवातून माहिती वाढते, माहितीतून बांधिलकी वाढते, असा त्यांचा सिद्धांत. प्रत्येकाने याच क्रमाने जावे असे नाही; ऑस्ट्रेलियातील १९९३ सालच्या एका अहवालापासून ‘जन्मतः जागतिक’ म्हटल्या जाणाऱ्या, म्हणजे सुरुवातीपासूनच निर्यात करणाऱ्या लहान कंपन्यांची चर्चा सुरू झाली. पण कारभाराच्या दृष्टीने पायऱ्यांची कल्पना फार कामाची आहे, कारण कंपन्या वरच्या पायरीवर निर्णय घेऊन चढत नाहीत, बहुधा घसरत जातात. नमुना पाठवला, मग थोडा साठा ठेवला, मग साठ्यासाठी गोदाम घेतले, मग गोदामासाठी माणूस नेमला, आणि दोन वर्षांनी कळते की आपली परदेशी शाखा आहे, तिच्यावर तिथला कर लागू शकतो, आणि तिला मंजुरी कोणीच दिली नव्हती. म्हणून पायरी बदलली की नवा ठराव, असा नियम करावा.

एजंट नेमणे ही सर्वांत स्वस्त पायरी वाटते, आणि नेमका म्हणूनच तो करार विक्री अधिकारी प्रदर्शनातल्या टेबलावर सही करून येतो. युरोपीय संघाच्या १९८६ सालच्या निर्देशानुसार स्वतंत्र व्यापारी एजंटाचा करार संपवताना, काही अपवाद वगळता, त्याला भरपाई (इंडेम्निटी) किंवा नुकसानभरपाई (कॉम्पेन्सेशन) द्यावी लागते. यांपैकी पहिला, भरपाईचा पर्याय लागू असेल तर तिची कमाल मर्यादा मागील पाच वर्षांच्या सरासरीने येणाऱ्या एका वर्षाच्या मोबदल्याइतकी आहे, आणि हा हक्क करारातून आगाऊ काढून टाकता येत नाही. माल स्वतः विकत घेऊन पुढे विकणाऱ्या वितरकाला हा निर्देश लागू नाही. ‘एजंट’ आणि ‘वितरक’ हे शब्द बोलताना अदलाबदल करून वापरण्याची सवय अशी महाग पडते.

ट्रेडमार्कबाबत घाई केलेली बरी. अनेक देशांत, चीन त्यांपैकी ठळक, जो आधी नोंदणी करतो त्यालाच मुख्यतः हक्क मिळतो. आपल्या वितरकाने आपलेच नाव स्वतःच्या नावावर नोंदवल्याचे प्रसंग यामुळेच घडतात. १८८३ च्या पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केल्यास मूळ तारखेचा अग्रक्रम मिळतो. पण त्याआधी घरातला प्रश्न सोडवावा: ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर आहे की संस्थापकाच्या? तो संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर असेल तर भागीदार, वारस आणि गुंतवणूकदार या तिघांशीही पुढे वाद संभवतो.

संयुक्त उपक्रमात पन्नास-पन्नास टक्क्यांची वाटणी दिसायला न्याय्य असते, पण मतभेद झाला की गाडी जागच्या जागी थांबते. ही कोंडी सोडवण्यासाठी पुष्कळदा असे कलम घालतात की एकाने किंमत सांगायची आणि दुसऱ्याने त्या किमतीला घ्यायचे की विकायचे ते ठरवायचे. ऐकायला हे चोख वाटते. प्रत्यक्षात ज्याच्याकडे रोख रक्कम कमी, त्याला नेहमी विकावेच लागते, आणि तो बहुधा लहान भागीदार असतो. त्याऐवजी स्वतंत्र मूल्यांकन, पैसे भरण्यासाठी पुरेशी मुदत आणि काही विषयांवर नकाराधिकार मागावा. भांडण लवादाकडे नेण्याचे कलमही असावे. लवादाचे निवाडे परदेशात मान्य करण्यासाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार बहुतेक देशांना लागू आहे, न्यायालयीन निकालांसाठी तितका व्यापक आधार नाही.

उपकंपनी काढली की संचालक, खाते आणि सही या तीन गोष्टी पाहाव्यात. काही देशांत स्थानिक रहिवासी संचालक सक्तीचा असतो. सिंगापूरमध्ये किमान एक तरी तिथला रहिवासी असावा लागतो. असा संचालक सेवा पुरवणाऱ्या संस्थेकडून घेतला तर त्याला बँकेचा अधिकार देऊ नये, आणि ठरावीक रकमेपुढे मूळ कंपनीतील दुसरी सही बंधनकारक करावी. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातील विक्रीची किंमत परक्या ग्राहकाला लावली असती तशीच ठेवावी लागते, आणि ती कशी ठरवली याचा कागद त्याच वर्षी तयार करावा. उपकंपनी मर्यादित जबाबदारीसाठी काढायची आणि पाठोपाठ तिच्या भाड्यासाठी, कर्जासाठी व पुरवठादारासाठी मूळ कंपनीची हमी द्यायची, असे झाले तर मर्यादा फक्त नावापुरती उरते. हमींची एक नोंदवही ठेवून ती प्रत्येक बैठकीत वाचावी.

लाचखोरीविषयी थोडक्यात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचा परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा करार १९९७ सालचा आहे, आणि ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात कंपनीच्या वतीने काम करणाऱ्याने दिलेली लाच रोखण्यात अपयश येणे हाच कंपनीचा गुन्हा आहे. पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था होती हे दाखवणे हा त्यावरचा बचाव. लहान कंपनीसाठी ही व्यवस्था फार अवघड नाही: एजंटाचा मोबदला नेहमीच्या दरापेक्षा जास्त असेल तर तो मंडळाकडे यावा, आणि पैसे एजंटाच्याच नावाच्या, तो काम करतो त्याच देशातल्या खात्यात जावेत.

आढावा आणि माघार

दर तीन महिन्यांनी चार आकडे मंडळापुढे ठेवावेत: परदेशी येण्यांचे सरासरी दिवस, सर्वांत मोठ्या परदेशी ग्राहकाचा विक्रीतील वाटा, विनिमय दर प्रतिकूल झाल्यास लागणारी झळ, आणि आतापर्यंत बुडीत धरण्यास मंजूर केलेल्या रकमेपैकी किती खर्च झाली. बाजाराची माहिती एकाच विक्री अधिकाऱ्याच्या फोनमध्ये राहू नये म्हणून प्रत्येक दौऱ्यानंतर लेखी टिपण घ्यावे, आणि वर्षातून एकदा दुसऱ्याच संचालकाने त्या ग्राहकांना भेटून यावे.

माघारीची अट विस्ताराच्या मूळ ठरावातच लिहावी, कारण पैसे गुंतल्यानंतर ती कोणी लिहीत नाही. कोणत्या तारखेपर्यंत किती वसुली झाली नाही तर विषय आपोआप मंडळापुढे येईल, एजंटाला किती दिवसांची नोटीस द्यावी लागेल, पडून राहिलेल्या साठ्याचे काय करायचे, उपकंपनी बंद करण्याचा अंदाजे खर्च किती आणि तो कोण सोसणार, हे त्यात असावे. पुढे चालू ठेवायचे की थांबायचे याची मांडणी मूळ प्रस्ताव ज्याने आणला त्याच्याकडे देऊ नये. ती दुसऱ्या संचालकाने करावी, आणि शक्य असल्यास तक्त्यातील वैयक्तिक हमीच्या रकान्यात ज्याचे नाव आहे, त्यानेच करावी.